कवच आणि सब्र

शेजारच्या मुलाने घरच्या इन्क्युबेटरमध्ये बदकाची अंडी ठेवली होती. २८ दिवस उलटले. दुसऱ्या दिवशी एका अंड्याला चीर गेली, आतून क्षीण आवाज येऊ लागला. “मौलानासाहेब, फोडू का?” मी म्हणालो, “थांब.” चीर पडल्यावरही पिलू दिवसभर, कधी त्याहून अधिक काळ आत राहते, उरलेला बलक पोटात ओढून घेते, पापुद्र्यातील रक्तवाहिन्या आटतात. त्याआधी कवच सोलले तर रक्तस्राव होतो आणि आपली दयाच घातक ठरते.

मग सब्र म्हणजे नुसते पाहत राहणे काय? नव्हे. प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधावयास शिकविले, मग तवक्कुल. दुसऱ्या रात्री पापुद्रा वाळून पिलाला चिकटला, हालचाल मंदावली. तेव्हा कोमट पाण्याने तो भिजवून चोचीजवळचे थोडेसे कवच आम्ही काढले. रक्ताचा ठिपका दिसताच हात आवरला. फजरनंतर पिलू स्वतःच बाहेर आले.

माझ्या ‘थांब’मुळे ते दगावले असते तर? हा प्रश्न मला अद्याप सोडत नाही. निष्पत्ती अल्लाहच्या हाती आहे. आपला हिशेब होईल तो हेतूचा आणि जाणून घेण्यासाठी केलेल्या कष्टांचा. मुका जीव आपल्याकडे अमानत आहे, आणि अजाण करुणा ही अमानतीतील कसूरच होय.