आधी भाकर, मग प्रश्न

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९



कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांपुढे निर्भयपणे उभा राहिलेला एलीया थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो, हा वृत्तांत आपण पुष्कळदा ऐकला आहे. परंतु देवाने त्यास प्रथम काय दिले, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. देवदूताने त्यास बोध केला नाही, दोषही लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेवले, आणि त्यास पुन्हा निजू दिले. असे दोनदा झाले. तू येथे काय करतोस, हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेबावर.

आमची रीत उलट आहे. मंडळीतला एखादा तरुण उपासनेस येईनासा होतो, रात्ररात्र जागतो, जेवण टाकतो. लागलीच आम्ही म्हणतो, याचा विश्वास ढळला. त्याच्या घरी जाऊन कोणी पाहतो काय? बापाच्या नावावर सोसायटीचे कर्ज, त्यावर सावकाराचे. सोयाबीन पावसात गेलेले. आणि मुलगा पदवी घेऊन भरतीच्या खेपा घालीत आहे. सन २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. म्हणजे शंभरांत नव्व्याण्णवांच्या पदरी निराशाच. आणि त्यांतील कित्येकांस वाटले असेल की उणेपण आपल्यातच आहे. शिवाय सन १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाहीत. गावात मात्र जुनी जात विचारली जातेच. (मुलींचा तर आम्ही विचारच करीत नाही. भावाच्या फीसाठी जिची शाळा सुटली, तिची खिन्नता चुलीच्या धुरात कोणास दिसते?)

सधन घरातही हा विकार शिरतो, हे खरे. तथापि कर्ज, बेकारी व अपमान यांच्या ओझ्याखाली तो अधिक बळावतो, असे वैद्य सांगतात. हा रोग आहे, पाप नव्हे. त्यावर औषधोपचारही आहेत. शासनाच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीत व विनामूल्य बोलता येते. मरणाची भाषा बोलणाऱ्यास क्षणभरही एकटे सोडू नये. प्रचारकाने त्याच्याबरोबर स्वतः दवाखान्यात जावे. प्रार्थना अवश्य करावी, पण गाडीभाडेही द्यावे.

आपण एकटेच उरलो, असे एलीयास वाटत होते. देवाने त्यास आणखी सात हजार असल्याचे सांगितले, आणि अलीशा हा सोबती दिला. येत्या रविवारी जो तरुण उपासनेस आला नाही, त्याच्या घरी पंचांनी जावे. जाताना भाकरी बरोबर न्यावी, आणि गैरहजेरीचे कारण त्या दिवशी तरी विचारू नये.