संग्रहालयाच्या प्रांगणातील संगीत : खुलेपणाचा प्रश्न

१

कलासंग्रहालयाने आपल्या प्रांगणात उघड्या आकाशाखाली संगीतसभा भरवावी, ही कल्पना सकृद्दर्शनी निर्विवाद वाटते. दालनात मुके झालेले शिल्प आणि अंगणात गाणारा कंठ यांची भेट घडते. सभागृहाची शिस्त काहीशी सैल होते. कला ‘लोकांपर्यंत’ पोहोचते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९७१ मध्ये आपल्या शिल्पोद्यानात उन्हाळी संगीताचा उपक्रम सुरू केला, तो याच विश्वासावर उभा होता असे म्हणता येईल. मराठवाड्यापुरते बोलायचे तर वेरूळ-अजिंठा महोत्सव हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. आरंभी तो कैलास लेण्याच्या सान्निध्यात होत असे. पुढे तो औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. सतराव्या शतकातील या महालात आज पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे.

अशा सभेला आपण ‘खुली’ म्हणतो. परंतु या विशेषणात दोन भिन्न अर्थ एकत्र वावरतात. वर छत नसणे हा एक अर्थ, तर येण्यास कोणालाही प्रतिबंध नसणे हा दुसरा. पहिला वास्तुरचनेचा आहे, दुसरा नीतीचा. पहिल्याची पूर्तता झाली की दुसऱ्याची आपोआप होते, हा समज तपासून पाहणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

वाल्टर बेन्यामिनने कलाकृतीच्या पूजामूल्याचा आणि प्रदर्शनमूल्याचा भेद मांडला, तो येथे उपयुक्त ठरतो. गाभाऱ्यातील मूर्ती दिसली नाही तरी तिचे असणे पुरेसे असते. संग्रहालयातील मूर्ती दिसण्यासाठीच असते. मात्र त्याच शिल्पासमोर व्यासपीठ उभारून त्यावर रंगीत प्रकाश सोडला की एक तिसरे मूल्य संभवते. त्याला पार्श्वभूमीमूल्य म्हणता येईल. शिल्प आता ना पूजिले जाते, ना न्याहाळले जाते. ते केवळ मागे असते. मर्ढेकरांच्या परिभाषेत दगड आणि स्वर यांच्यात संवाद-लय निर्माण झाली असे कोणी म्हणेल. पण ती लय श्रोत्याच्या अवधानातून सिद्ध झाली पाहिजे. प्रकाशयोजनेतून ती सिद्ध होत नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले. प्रांगणातील संगीतसभा या दोहोंच्या मधोमध बसते. ती अलौकिकाचा दावा करते आणि पर्यटनाचे लौकिक कार्यही करते. यात दांभिकता असलीच पाहिजे असे नाही. परंतु लौकिक कार्य मान्य केले की लौकिक प्रश्नही मान्य करावे लागतात. त्यांतील पहिला प्रश्न असा : ही सभा कोणत्या ऋतूत भरते?

३

हा प्रश्न सोनेरी महालातून सहसा सुचत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातून पाहिले की तो टाळता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे निघतात आणि गाळप संपले की पाडव्याच्या आगेमागे परततात. स्मारकांच्या परिसरातील महोत्सवांचा काळ बहुधा हिवाळ्याचा असतो. २०२३ चा वेरूळ-अजिंठा महोत्सव फेब्रुवारीत झाला. हवा सुखद, पर्यटकांची सोय, कलावंतांची सोय. पण तेव्हा या जिल्ह्याच्या श्रोतृवर्गाचा एक मोठा हिस्सा उसाच्या फडात असतो. त्याला कोणी अडवलेले नसते; दिनदर्शिकेनेच त्याला वगळलेले असते.

याउलट गावोगावच्या जत्रा प्रामुख्याने चैत्र-वैशाखात भरतात. तमाशा, भारूड, गोंधळ हे सारे उन्हे उतरल्यावर, तापलेली जमीन निवू लागल्यावर सुरू होते. म्हणजे उन्हाळी रात्रीची खुली संगीतसभा ही या प्रदेशाला बाहेरून आणावयाची गोष्ट नाही; ती येथे होतीच आणि आहे. शिवाय जत्रेतील श्रोता पाहुणा नसतो. त्याने वर्गणी दिलेली असते. तो फर्माईश करतो, बिदागी देतो, कंटाळला तर उठून जातो. संग्रहालयातील श्रोत्याकडून मात्र कृतज्ञतेची अपेक्षा असते.

४

येथवरचे विवेचन जत्रेच्या गौरवात संपवणे सोपे आहे. पण ते प्रामाणिक होणार नाही. जत्रेचे खुलेपणही अपुरेच होते. कोणी कोठवर यावे, कोणी वाजवावे आणि कोणी ऐकावे हे जातीने ठरवलेले असे. ज्यांच्या वाद्याशिवाय देवाची मिरवणूक निघत नसे, त्यांनाच गाभाऱ्याची पायरी वर्ज्य होती. संग्रहालयाने मूर्तीला पूजेपासून तोडले हे खरे. परंतु त्यामुळेच ती कोणालाही हातभर अंतरावरून पाहता आली. संग्रहालयातील शांततेला आपण मृत्यूची शांतता म्हणतो, तेव्हा ती शांतता कोणासाठी मोकळीक होती याचा विसर पडू नये.

अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. खडकात कोरलेला मंडप, समोरच्या अंगणात नंदीमंडप आणि दगडी हत्ती, वर आकाश : प्रांगणातील संगीतसभेसाठी याहून योग्य जागा कल्पिता येणार नाही. आज ते संरक्षित स्मारक आहे. तेथे उभे राहण्यासाठी कोणाला आपली जात सांगावी लागत नाही. याच गावी दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. कापडावर लिहिलेली ही संहिता आज वस्तू म्हणून पाहिली जाते. तिचा कर्ता मात्र पदे रचणारा, गाण्यासाठी लिहिणारा होता. वस्तू आणि स्वर यांची फारकत हा नियम नसून अलीकडची व्यवस्था आहे, याचे हे स्थानिक प्रमाण होय.

५

तेव्हा प्रश्न जत्रा की संग्रहालय असा नाही. संग्रहालयाने मिळवलेली समता न गमावता जत्रेतील श्रोत्याचा अधिकार स्वीकारता येईल काय, असा तो आहे. यासाठी निदान तीन गोष्टी आवश्यक वाटतात. सभेची तिथी पर्यटकाच्या नव्हे, तर परतलेल्या माणसाच्या सोयीने ठरावी. गोंधळी आणि आराधी यांना मुख्य गायनापूर्वीचे ‘लोकरंजन’ म्हणून नव्हे, तर पूर्ण वेळेचे आणि समान मानधनाचे कलावंत म्हणून बोलवावे. आणि दगडाचाही अधिकार मानावा : ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि गर्दी यांनी जे झिजते ते पुन्हा कोरता येत नाही.

या मागण्या व्यवस्थापनाच्या आहेत, सौंदर्यशास्त्राच्या नव्हेत, असा आक्षेप येईल. परंतु ‘सहृदय’ ही आपल्या काव्यशास्त्राची मध्यवर्ती संकल्पना आहे आणि तो सभेत उपस्थित असतो हे तिने गृहीत धरलेले आहे. जो माघ महिन्यात कोयता घेऊन परमुलखात आहे, त्याच्या सहृदयतेविषयी आपल्याजवळ सिद्धांत नाही. तो तयार होईपर्यंत ‘खुली’ हे विशेषण आपण जपून वापरावे हे बरे.