सावड

जुलैतला रविवार. हिर्डोशीच्या अलीकडे, भोर-महाड रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी चहाच्या टपरीत बसलो होतो. डाव्या हाताला नीरा-देवघरचं पाणी, उजवीकडे खाचरं, आणि खाचरांत कंबरेत वाकून भात लावणाऱ्या बायांची रांग. पाठीवर निळं प्लास्टिक, हातात रोपांची मूठ. पाऊस पडत होता म्हणण्यापेक्षा तो थांबायचं विसरला होता. गाडीच्या डिकीत दोन ट्यूब, पंप, केळी, मीठ-साखरेच्या पाण्याच्या चार बाटल्या, कोरडे मोजे. पुढच्या सीटवर लॅपटॉप, त्यात माझ्या पीएचडीचं चौथं प्रकरण, जे मार्चपासून बारा पानांवर अडकलेलं.

टपरीवाल्या मावशींनी विचारलं, "ताई गेल्या का पुढं?"

"गेल्या," म्हटलं. "दोन तासांनी येतील."

"आन् तुमी हितं बसून ऱ्हानार? बाईमान्सासाठी येवढं कोन करतंय दादा!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोला. तीन महिने हे असं कुणी ना कुणी म्हणत होतं: सोसायटीतले काका, डिपार्टमेंटमधली मैत्रीण, खुद्द माझी सासू. त्या दिवशी मात्र चहा पिता पिता एक गोष्ट खुपली. समोर पंधरा बाया चिखलात वाकल्या होत्या. त्यातली एखादी नवऱ्यासाठी, पोरांसाठी, सासऱ्यांसाठी आयुष्यभर काय काय करत आली असेल, आणि तिला कुणी चहा देताना 'एवढं कोण करतं' असं म्हटलं असेल का? नवरा वाट बघत बसला की ती बातमी होते. बायको वाट बघत बसली की तो रविवार असतो.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण प्रश्न तिच्यातूनच आलाय. बायको एका बँकेत आहे. गेल्या वर्षी तिनं गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी नाव नोंदवलं. ही अर्धी ट्रायथलॉन: १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल, लगेच २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. ७०.३ हा मैलांचा आकडा आहे. (पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते, मिलिंद सोमणनं पन्नाशीत केली ती.) नोकरी करणाऱ्या माणसाला याची तयारी करायची म्हणजे पहाटे साडेचारचा गजर, आठवड्याला दहा-बारा तास, आणि रविवार अख्खा गेलेला. भोरपासून वरंध्याच्या दिशेचा रस्ता तिला आवडायचा. पावसाळ्यात घाट बहुधा बंदच असतो, त्यामुळे गाड्या कमी. मी मागून गाडी घेऊन जायचो.

माझी फेलोशिप पाच वर्षांची, त्यातलं हे शेवटचं. विषय मोडीतल्या जुन्या जमाखर्चांचा. पुराभिलेखागारात बसून कुणी कुणाला किती मण भात दिलं, कुणाकडे किती बाकी राहिली, हे वाचायचं. म्हणजे हिशेब हा माझा धंदाच. आणि धंदा घरी आला. मला कळायच्या आत मी एक वही ठेवायला लागलो होतो, कागदावर नाही, डोक्यात. मे महिन्यातले चार रविवार. जूनमधले तीन. पहाटे तिचा मिक्सर वाजल्यामुळे मोडलेली झोप. तिच्या पोहण्याच्या वेळेमुळे हुकलेलं एक सेमिनार. प्रकरण बारा पानांवर का अडलंय असं गाईडनी विचारलं की मनातल्या मनात मी ती वही उघडायचो.

प्रश्न असा की ही वही ठेवणं क्षुद्रपणा आहे की प्रामाणिकपणा?

आपल्याकडचं पहिलं उत्तर तयार असतं. नवराबायकोत कसला आलाय हिशेब. ॲरिस्टॉटलही साधारण या बाजूचा. त्याच्या नीतिशास्त्रात मैत्रीवर दोन अख्खी प्रकरणं आहेत, आणि त्यात तो म्हणतो की तक्रारी आणि भांडणं मुख्यतः सोयीसाठी केलेल्या मैत्रीत होतात. जिथे दोघं एकमेकांचं भलं इच्छितात तिथे 'मला कमी मिळालं' हे वाक्य उगवतच नाही. छान आहे. फक्त त्याच्या काळात घरातली वही न ठेवण्याचा खर्च कुणाच्या नावावर पडत होता, ते त्यानं लिहिलेलं नाही. ज्याच्या बाजूनं जमा असते त्याला हिशेब नेहमीच क्षुद्र वाटतो.

मावशींना मी विचारलं, या सगळ्या तुमच्याच खाचरात का? त्या हसल्या. सावड आहे म्हणाल्या. आज यांच्यात, उद्या त्यांच्यात, परवा माझ्यात.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. लावणीचे दिवस मोजके असतात, रोप थांबत नाही, आणि मजुरीला सगळ्यांकडे पैसे नसतात. मग घरं एकमेकांत दिवस बदलतात. तू माझ्या शेतात एक दिवस ये, मी तुझ्या शेतात एक दिवस येतो. पैसा नाही. याच्याच शेजारी दुसरी रीत आहे, इर्जिक. एखाद्याचं काम अडलं की बाकीचे एका दिवसात ते उरकून देतात. ज्याचं काम, तो सगळ्यांना जेवू घालतो, आणि विषय संपला. इर्जिकीत परतफेड मोजत नाहीत. सावडीत मोजतात, आणि त्यात कुणाला लाजही वाटत नाही. कुणी कुणाकडे किती दिवस गेलं हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. तिथे वही प्रेमाच्या विरुद्ध नसते. वही आहे म्हणूनच विधवा बाईलाही हक्कानं चार माणसं बोलावता येतात, उपकार म्हणून नव्हे.

मला हे फार आवडलं. मी ठरवून टाकलं की लग्न ही सावड आहे. ऑक्टोबरपर्यंत तिची लावणी, नंतर माझी. वही ठेवणं गैर नाही, उलट हीच खरी बरोबरी. या सिद्धांतावर मी इतका खूश झालो की लॅपटॉप उघडला आणि कित्येक आठवड्यांनी सलग दोन पानं लिहिली.

त्याच वेळी ती शिरगावच्या बाजूला पंक्चर होऊन उभी होती. जवळची ट्यूब आधीच वापरून झालेली. मला फोन लागत नव्हता, कारण टपरीत रेंज नव्हती आणि मी ते बघितलंही नव्हतं. ठरलेल्या वेळेवर पाऊण तास उलटून गेला तरी माझं डोकं वर आलं नाही. ती सायकल ढकलत, क्लीट्स काढून, मोज्यांवर पावसात चालत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सायकल गाडीवर चढवली, टॉवेल घेतला आणि भोर येईपर्यंत गप्प बसली. मी म्हटलं, "अगं, पण मी आलो होतो ना."

ती म्हणाली, "तू नाही. गाडी आली होती."

सावडीबद्दलची एक गोष्ट मावशींनी मला सांगितली होती, पण माझ्या सिद्धांतात ती बसत नव्हती म्हणून मी सोडून दिली होती. दिवस मोजतात, काम मोजत नाहीत. एखादी बाई रांगेत येते पण हात चालवत नाही. तिला कुणी काही बोलत नाही, दिवस भरला म्हणून धरतात. पण सगळ्यांना माहीत असतं. माझ्या वहीत त्या रविवारी 'एक दिवस' असं जमा पडलं होतं. तिच्या वहीत काय पडलं ते मला तोवर सुचलंही नव्हतं. तिचीही वही असेल हेच सुचलं नव्हतं. आणि ती उघडली तेव्हा पहिल्याच ओळीला घरभाडं निघालं. पाच वर्षं. फेलोशिप चार-चार महिने रखडायची तेव्हाचा किराणा. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. हे तिनं कधी सांगितलं नाही, मीच मांडलं, त्या रात्री, झोप येईना तेव्हा. जमाखर्च वाचण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या खर्चाचीच बाजू दिसली होती.

हिर्डोशीला बसून हे कळायला खरं तर डावीकडे बघणं पुरे होतं. नीरा-देवघर साधारण पावणेबारा टीएमसीचं धरण. पाणी साठतं इथे, हिरडस मावळात, आणि भिजवायचं ठरलं ते मुख्यतः खाली खंडाळा, फलटण, माळशिरसच्या बाजूला. जमिनी गेल्या त्या इथल्या. पाणी ज्याच्या शेतात पोचतं त्याला धरण दिसत नाही, कालवा दिसतो. मी पाच वर्षं कालव्यावर बसून माझा रविवार कसा वाहून गेला याचा हिशेब करत होतो.

मग वही फाडायची का? तसंही वाटत नाही. नायजेरियातल्या तिव लोकांत राहिलेल्या लॉरा बोहानन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा अनुभव डेव्हिड ग्रेबरनं कर्जाच्या इतिहासावरच्या पुस्तकात (२०११) सांगितलाय. शेजारणी येऊन कुणी दोन कणसं, कुणी पाच टमाटे देऊन जायच्या. परत काहीतरी द्यायचंच, पण तंतोतंत तेवढ्याच किमतीचं कधी द्यायचं नाही. थोडं जास्त किंवा थोडं कमी. बरोब्बर फेडलं तर त्याचा अर्थ, आपला संबंध संपला. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत, त्यातही हेच असावं. आईला मी एकदा विचारलं होतं, त्यांनी खीर दिली तर आपण खीरच द्यायची का? ती म्हणाली, वेडा आहेस का, मग त्यांचीच परत दिल्यासारखं होईल. म्हणजे लक्षात ठेवायचं असतं, पण बरोबर करायचं नसतं.

आधाराचे आपल्याकडचे मोठे नमुनेही मी या काळात पुन्हा चाळले. गोपाळराव जोशी सगळ्यांना माहीत आहेत, २०१९ च्या सिनेमामुळे तर जास्तच. पोस्टातले कारकून, बायकोनं शिकावं हा ध्यास त्यांचा. आनंदीबाई १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस पूर्ण व्हायच्या आत, गेल्या. गोपाळरावांशिवाय हे घडलं नसतं. पण जिद्द एकाची आणि शरीर दुसऱ्याचं असेल, तर त्याला पाठिंबा म्हणायचं का, हे मला ठरवता येत नाही. मला जास्त जवळचे वाटतात ते दिनकर कर्वे. इरावतीबाई १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या आणि १९३० मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या. सुनेनं असं जाणं सासऱ्यांना, म्हणजे साक्षात महर्षी कर्व्यांना, फारसं रुचलं नव्हतं. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते तिच्या बाजूनं उभे राहिले. त्यांच्यावर सिनेमा निघणार नाही. त्यांनी ध्यास घेतला नाही, वाट मोकळी ठेवली, आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं.

मी जुलैनंतर सुधारलो असं म्हणणार नाही. लॅपटॉप नेणं मात्र बंद केलं. आश्चर्य म्हणजे प्रकरण त्यामुळे आणखी मागे पडलं नाही. रविवारी गाडीत मी लिहीत कधी नव्हतोच, लिहीत नसल्याचं कारण तयार करत होतो. टपरी सोडून रेंज असलेल्या वळणावर थांबायला लागलो. ती कुठल्या चढावर गप्प होते, कुठे केळं मागते, कुठे नको म्हणते, हे कळायला लागलं. हे कळायला पूर्ण लक्ष लागतं, आणि तो खर्च वहीत कुठे मांडायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

ऑक्टोबरात आम्ही मिरामारला होतो. स्पर्धेचा एक नियम मी आदल्या दिवशी नीट वाचला: घरच्यांनी स्पर्धकाला काहीही मदत करायची नाही. पाणी द्यायचं नाही, सोबत पळायचं नाही. दिलं आणि तिनं घेतलं तर ती बाद होऊ शकते. सहा महिने बाटल्या भरून दिल्या आणि खऱ्या दिवशी माझे हात रिकामे असणं हाच नियम! पहाटे अंधारात तिच्या घोट्याला टायमिंग चिप बांधलेली, शेकडो सारख्याच टोप्या समुद्राकडे निघाल्या आणि मिनिटाभरात त्यातली तिची कुठली ते मला ओळखता येईना. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण आहे?" मी नाव सांगितलं. नंतर दिवसभर मी त्या घोळक्यात तिचा नवरा होतो. इरावतीबाईंच्या 'परिपूर्ती' या लेखात भाषणाआधी त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, यांची पत्नी. त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. मग वाटेत शाळकरी मुलं 'कर्व्याची आई' म्हणून त्यांना ओळखतात आणि ओळख पुरी होते. तो लेख कॉलेजात वाचला तेव्हा मी वैतागलो होतो, इतक्या मोठ्या बाईनं असं का लिहावं म्हणून. मिरामारच्या वाळूत वैताग आला नाही. आपलं नाव कुणी न विचारता दिवसभर उभं राहणं वाटतं तितकं वाईट नसतं. मात्र ते एक दिवसाचं असावं, जन्माचं नाही. मला एका दिवसाचं मिळालं होतं.

पळण्याच्या टप्प्यात ती दोनदा समोरून गेली. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा तिनं बघितलंही नाही, आणि तिचं ते न बघणं मला फोनवरच्या ट्रॅकरपेक्षा जास्त सांगून गेलं. कट-ऑफच्या एकवीस मिनिटं आधी ती आत आली.

आता माझी लावणी चालू आहे. थिसिस द्यायच्या आधी डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांसमोर मांडणी करावी लागते, ती पुढच्या महिन्यात. बाहेरचं कुणीही येऊन बसू शकतं, मदत अर्थातच करू शकत नाही. तिनं रजा टाकली आहे. मी म्हटलं, मोडी जमाखर्चातलं तुला काही कळणार नाही, कंटाळशील.

"किती वेळ चालतं?"

"तासभर. प्रश्न आले तर दोन."

"कट-ऑफ असतो का?"

"गाईडच्या मूडवर आहे," म्हटलं.

"मग केळी आणते," ती म्हणाली.