कात्रीचं इमान

‘संकलन ही आता शिकवायची गोष्टच उरलेली नाही. मोबाइलमधलं अॅप गाण्याच्या ठेक्यावर आपोआप कट मारून देतं.’ एका लघुपट महोत्सवात एका तज्ज्ञांनी हे ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. अर्ध्या टाळ्या माझ्याही धरा. हात बसायला अॅप पुरतं. १९१९ला मॉस्कोत निघालेल्या फिल्मशाळेत दिग्दर्शक कुलेशॉव्हची पोरं कोऱ्या फिल्मच्या टंचाईपायी जुनीच रिळं कापून जोडत शिकली. आजच्या पोराला फुटेजची ददात नाही. कुलेशॉव्हचा तो प्रयोगही त्यातलाच: नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपाच्या वाटीशेजारी जोडला की भुकेला दिसतो.

पण संकलक रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या आणि पुढे त्यांनी ‘जाने भी दो यारों’सारखा विनोदी सिनेमाही कापला, ‘परिंदा’सारखा गुन्हेगारीपटही. दोन्हींना एकच ठेका लावून बघा म्हणावं.

मला तज्ज्ञांचं ते वाक्य आठवलं ते बुरोंडीमुळे. दापोली तालुक्यातल्या या गावी एका विद्यार्थ्याने मासळीच्या लिलावावर लघुपट केलाय. सुरुवातीला ड्रोनवरून गावातला अर्धगोलावरचा परशुरामाचा पुतळा (कोकणातल्या लघुपटाला तो आता गणपतीसारखा आधी लागतो), मग होड्या, टोपल्या, बोली, हात, नोटा. सगळं ढोलाच्या ठेक्यावर. भाव कोणी पाडला, कोणाला परवडला, काही कळत नाही.

इथे मी माझ्या लाडक्या फ्रेंच समीक्षकाचा, आंद्रे बाझँचा, सोटा उगारणार होतो. घटनेचं मर्म दोन गोष्टी एकत्र असण्यात असेल, तर तिथे कात्री चालवायची नाही, असं तो बजावतो. त्याचा दाखला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’चा (१९२२): शिकारी, बर्फातलं भोक आणि सील एकाच चौकटीत. सील दिसेपर्यंतची वाट आपणही बघतो. तसंच, बोली लावणारा आणि टोपलीमागची बाई एकाच चौकटीत ठेव, कापू नकोस, असं मी त्या पोराला सांगणार होतो.

पण बाझँला नडतो तो सीलच. तो आधीच मेलेला होता आणि शिकाऱ्याच्या हातातल्या दोरीला हिसके चौकटीबाहेरून दिले जात होते, हे पुढे उघड झालं. म्हणजे न कापताही थाप मारता येते. माझा सोटा तिथेच मोडला.

मग त्या विद्यार्थ्याचं टाकून दिलेलं फुटेज पाहिलं. त्यात कॅमेरा हलला म्हणून वगळलेला एक शॉट होता: व्यापारी आणि होडीमालक खांद्याला खांदा लावून हसतायत, व्यापाऱ्याची वही उघडी. हा शॉट लिलावानंतर लावला की दिवस संपल्यावरच्या गप्पा. लिलावाआधी लावला की सगळी बोली म्हणजे नाटक, भाव आधीच ठरलेला, आणि टोपलीमागच्या बाईचा तोच चेहरा फसवल्या गेलेल्या बाईचा दिसतो. एक शब्दही न बोलता दोन माणसांवर आरोप होतो. पोराने दोन्ही जोडण्या करून दाखवल्या. दुसरी कितीतरी रंगतदार होती. महोत्सवात बक्षीस तिलाच मिळेल, यात शंका नाही.

क्लिपवरची वेळ मात्र सांगते की गप्पा लिलावानंतरच्या आहेत. त्यावरून रंगतदार जोडणी खोटी ठरते का? तसंही ठरत नाही. संगनमत आदल्या रात्रीही होऊ शकतं. पोरगा म्हणाला, ‘सर, टाइमलाइनवर याचं उत्तर नाही.’ आता तो कॅमेरा न घेता बुरोंडीला जाणार आहे, टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांना भाव कसा ठरतो ते विचारायला. तज्ज्ञांच्या अॅपमध्ये याचं बटण असेल, तर त्यांनी अवश्य कळवावं.