अक्षरांची सोयरीक

मालवण हे नाव इंग्रजीत लिहा: एम, ए, एल, व्ही, ए, एन. त्यातला एम बाजूला काढा आणि उरलेली पाच अक्षरे फिरवून लावा. एन-ए-व्ही-ए-एल. 'नेव्हल', म्हणजे आरमारी! ज्या गावासमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, ज्याच्या शेजारच्या तारकर्लीत २०२३ चा नौदल दिन साजरा झाला, त्याच गावाच्या नावातून नेमका हा शब्द निघावा, याने कोणीही हरखून जाईल.

नेमून दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचा हा खेळ वहीच्या मागच्या पानावर खेळता येतो. वेंगुर्ला घेतले तर 'अँगलर' मिळतो, म्हणजे गळ टाकून मासे धरणारा. शिवाय 'ग्रॅव्हल', 'व्हॅल्यू', 'लर्न' आहेतच. सिंधुदुर्गातून 'रशिंग' आणि 'ड्युरिंग' निघतात, आचऱ्यातून 'आर्च'. तारकर्लीत 'ट्रेल' आहे आणि त्याच अक्षरांचा 'ट्रायल'ही आहे.

मराठीत हा खेळ असा रंगत नाही, कारण आपले अक्षर स्वर पोटात घेऊनच येते. 'मा'चा काना काढून तो 'व'ला जोडावा असे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून आपल्या भेंड्या कानावर चालतात: शेवटचे अक्षर ऐकायचे आणि त्यावरून गाणे उचलायचे. इंग्रजीचा खेळ डोळ्यांचा आहे. 'नेव्हल'मध्ये ए दोनदा येतो आणि दोन्हीकडे त्याचा उच्चार निराळा. आपल्या मुलांना इंग्रजीची धास्ती बसते ती इथेच, वाचून दाखवताना. शब्द शोधताना मात्र उच्चार चुकला तरी हातातली अक्षरे खरीच असतात. घरात इंग्रजी कानावर न पडणारे मूलही इथे बरोबरीने खेळते. हा खेळ मला मोलाचा वाटतो तो यासाठी.

पण 'नेव्हल' हाती लागला की पुढचे पाऊल निसरडे आहे. लगेच कोणीतरी म्हणते, बघा, नावातच आरमार लिहून ठेवले होते! मालवणची व्युत्पत्ती कोणी मिठागरांवरून 'महालवण' अशी सांगतात, कोणी माडांच्या बनावरून. यातली कोणतीही धरली तरी रोमन अक्षरांचा तिच्याशी संबंध येत नाही. ती अक्षरे नावावर बाहेरून चढली. १७६५ मध्ये किल्ला ताब्यात आला तेव्हा इंग्रजांनी त्याचे नाव चक्क 'फोर्ट ऑगस्टस' करून टाकले होते. आपला ण त्यांच्या लिपीत मावत नाही, तो एन होऊन बसतो, आणि त्या एनशिवाय 'नेव्हल' उभाच राहत नाही. मालवण व्हीऐवजी डब्ल्यू घालूनही लिहिले जाते. त्या लेखनात 'नेव्हल' शोधून सापडत नाही. म्हणजे आपला आनंद एका कारकुनाच्या टाकावर अवलंबून होता.

मग त्या शब्दात आपले काहीच नाही का? आहे, आणि तेच मला अधिक थोर वाटते. 'नेव्हल' आला लॅटिनमधल्या जहाजवाचक 'नाविस'वरून, आणि हा 'नाविस' संस्कृत 'नौ'चा सख्खा भाऊ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये सांगितले, ते अशाच जुळण्या पाहून. मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली नाव आणि इंग्रजांची 'नेव्ही' यांचे नाते या दोन्ही भाषांहून जुने आहे. गावाच्या नावातले आरमार योगायोगाचे, पण नावेतले खरे. एकाच शब्दाला दोन धागे लागलेले. एक ओढला की तुटतो, दुसरा कितीही ओढा, लांबत जातो.

हे धागे ओळखायला यंत्र शिकवत नाही. संगणकाकडे एन-ए-यू ही अक्षरे सलग असलेले शब्द मागा, डोळ्याचे पाते लवायच्या आत यादी समोर येते. 'नॉटिकल', 'नॉशिया', 'अॅस्ट्रोनॉट', 'नॉटी', 'इनॉगरेट' असे सगळे एका रांगेत उभे. यातला 'नॉटिकल' घरचा. 'अॅस्ट्रोनॉट'ही घरचा, कारण ग्रीकमध्ये 'नाउटेस' म्हणजे नावाडी, आणि हा ताऱ्यांतला. मळमळ या अर्थाचा 'नॉशिया' तर ग्रीक 'नाउस'वरून, म्हणजे जहाजावरूनच आलेला. पहिल्यांदा खोल पाण्यात गेलेल्या माणसाला 'बोट लागली' असे आपण म्हणतो, तेव्हा ग्रीकांनी जे पाहिले तेच आपण पाहिलेले असते. 'नॉटी' मात्र परका, तो शून्यवाचक 'नॉट'मधून आला. 'इनॉगरेट'ही परका, त्याच्या मुळाशी रोमनांचे शकुन पाहणारे आहेत. मुलांना ही यादी आयती मिळाली तरी बिघडत नाही. पुढची निवड त्यांच्याकडून करून घेतली पाहिजे, कोश उघडून, एकेका शब्दाची चौकशी करत.

त्याच यादीत 'जगरनॉट' असतो. वाटेत येईल ते चिरडत जाणाऱ्या प्रचंड शक्तीला इंग्रजीत हा शब्द वापरतात, आणि ब्रिटनमध्ये अजस्र ट्रकलाही. शेवट हुबेहूब 'अॅस्ट्रोनॉट'सारखा, म्हणून कोणीही त्याला नावाड्यांत बसवील. पण हा पुरीचा जगन्नाथ आहे. रथयात्रेची वर्णने ऐकून इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि लिहिताना आपल्या 'नाथ'ला त्यांच्या खलाशाचे स्पेलिंग दिले.