बंब सोमेश्वरी

तालुक्याच्या गावातला वीस खाटांचा दवाखाना. २०२१ च्या मार्चमध्ये त्याचं कोविड सेंटर झालं आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलचा रातोरात आयसीयू. ज्या वायरिंगवर आजवर चार पंखे नि ट्यूबलाइट चालल्या, त्याच वायरिंगवर आता सहा व्हेंटिलेटर, सहा मॉनिटर आणि दोन एसी. एसी रात्रंदिवस चालू, खिडक्या चिकटपट्टी लावून बंद. मागे गच्चीवर उघडणारा एक दरवाजा होता, पण त्याच्यापुढे पीपीई किटच्या खोक्यांची थप्पी लागली होती.

डॉक्टर माणूस सोन्यासारखा. तीन तीन आठवडे घरी जात नसत. वायरमन तात्या मात्र रोज वर येऊन प्लगांना हाताची पालथी बाजू लावून बघायचे नि मान हलवायचे.

"डॉक्टरसाहेब, घोडं एकाचं आणि बसलेत सहा. दोन तास द्या, लोड वेगळा करून देतो."

"तात्या, इथे एकेका श्वासासाठी माणूस झगडतोय. दोन तास कुठून आणू? आणि आपलं फायर ऑडिट झालंय. जानेवारीचा बी फॉर्म फायलीत आहे."

ते खोटं नव्हतं. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा सगळीकडेच फायली झटकल्या गेल्या होत्या. इथेही सहा लाल नळकांडी आली. चोरीला जाऊ नयेत म्हणून ती खाली ऑफिसात कुलपात ठेवली, किल्ली मॅनेजरच्या खिशात. ऑडिट झालं तेव्हा वरच्या हॉलमध्ये फक्त सतरंज्या होत्या, हे फायलीला कोण सांगणार?

२६ मार्चला भांडुपमध्ये मॉलमधलं रुग्णालय पेटलं. मॅनेजर म्हणाला, "एवढी लाट ओसरू दे, मग बघू."

२३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयाचा आयसीयू जळाला. पंधरा रुग्ण गेले. त्या सकाळी तात्या वर आले ते वाद घालायला नाही.

"डॉक्टरसाहेब, समजा आत्ता त्या एसीतून धूर आला. एक नळकांडं आणून दाखवा. मावशी, तुम्ही आकडे मोजा."

सफाईवाल्या मावशींनी फडकं बाजूला ठेवून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... डॉक्टर हसत उठले नि जिना उतरले. ऑफिसला कुलूप. मॅनेजर ऑक्सिजन भरून आणायला एमआयडीसीत गेलेला. दुसरी किल्ली औषधांच्या काउंटरवर असते असं कोणी सांगितलं, ती तिथे नव्हती. सापडली खुर्चीवर टाकलेल्या कुणाच्या तरी पिशवीत. डॉक्टर नळकांडं कवटाळून वर आले तेव्हा फेसशिल्डच्या आत घामाचं धुकं झालं होतं आणि मावशी तीनशे चाळीसवर होत्या. त्यांनी दांडा दाबला. काहीच आलं नाही.

"आधी पिन काढायची असते," तात्या हळूच म्हणाले.

मावशींनी फडकं पुन्हा हातात घेतलं. "साहेब, आमच्या कडब्याच्या गंजीला जळायला एवढा वेळ लागला नव्हता. आणि तिथे ऑक्सिजन नव्हता."

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. इथे एकेका यंत्रातून मिनिटाला साठ लिटरपर्यंत सुटायचा, मास्कच्या कडेने गळायचा, चादरीत, उशीत, रुग्णाच्या केसांत साठायचा. बाहेर विझून जाईल ती ठिणगी इथे भडका होणार. हे सगळं ते पुस्तकात शिकले होते. त्या बाईंनी ते गंजीवरून सांगितलं.

दोन तास सापडले. तात्यांनी एसीची लाइन वेगळी ओढली, एकावर एक लावलेले एक्स्टेन्शन बोर्ड काढले, मेन स्विचवर लाल पट्टी चिकटवली. खोकी हलली, मागचा दरवाजा मोकळा झाला, खिडक्यांवरच्या पट्ट्या निघाल्या. नळकांडी भिंतीवर आली, हाताला येतील अशी. सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, सगळ्यांनी एकेकदा पिन काढून पाहिली. रोज रात्री प्लगांना पालथा हात लावायचं काम मावशींनी मागून घेतलं.

आठव्या रात्री अडीच वाजता एसीतून धूर आलाच. सिस्टरने मेन पाडला. व्हेंटिलेटर बॅटरीवर गेले. मावशींनी पिन ओढली नि आगीच्या बुडाशी धार धरली. वॉर्डबॉयांनी छोटे सिलिंडर जोडून खाटा गच्चीवर ढकलल्या. शेवटची खाट निघाल्यावर डॉक्टरांनी वॉर्डचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद केला. गेला तो एक एसी आणि एक पडदा. गच्चीवर सहाही जण होते, चांदण्यात, खोकत.

दुसऱ्या दिवशी नळकांडी भरून देणाऱ्या एजन्सीचा माणूस आला. त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: भरलेले पाच, रिकामा एक.

"रिकामा असं लिहू नका हो," मॅनेजर कुजबुजला, "तपासणीत वाईट दिसतं. भरून झाल्यावर लिहा."

"लिहू दे," डॉक्टर म्हणाले. "जानेवारीत सहाच्या सहा भरलेले होते. पण तेव्हा आग लागली असती, तर एकही उपयोगी पडला नसता."

मग त्यांनी ऑफिसचं ते कुलूप काढून तात्यांच्या हातात दिलं.

तात्पर्य : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण रामेश्वर ते सोमेश्वर हे अंतर कधी कधी एका कुलपाएवढंच असतं. ते आग लागण्याआधी मोजून पाहावं.