मृकंडूंनी न मागितलेला मुलगा

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडा गावाशी वैनगंगा वळण घेते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी आणि तिच्या काठावरचं शिवालय, म्हणून या जागेला विदर्भाची काशी म्हणतात. महाशिवरात्रीच्या जत्रेला गडचिरोली-चंद्रपूरचेच नव्हे, तर तेलंगणा आणि छत्तीसगडचेही भाविक येतात. ज्या मार्कंडेयाच्या नावाने हे क्षेत्र ओळखलं जातं, त्याच्या जन्माची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मृकंडू ऋषी आणि मरुद्वती निपुत्रिक होते. प्रसन्न झालेल्या शिवाने त्यांना विचारलं, भरपूर आयुष्य असलेला पण मंदबुद्धीचा मुलगा हवा, की सोळाच वर्षांचं आयुष्य असलेला गुणी मुलगा? त्यांनी गुणी मुलगा मागितला. पुढे यमाचा पाश पडला, मुलाने पिंडीला मिठी मारली आणि शिवाने यमाला परतवलं. कथेचा हा भाग कीर्तनकार रंगवून सांगतात. दुसरा मुलगा मात्र पहिल्याच प्रसंगात संपतो. तो कोणी मागितला नाही, म्हणून तो जन्मलाच नाही. खऱ्या संसारात आईबापांपुढे असा पर्याय कोणी ठेवत नाही. तिथे दुसरा मुलगाही जन्माला येतो, आणि देवाच्या दारात त्याची जागा कोणती, हा प्रश्न कथेने आपल्यावर सोडलेला आहे.

हा प्रश्न मी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या माणसांपुरता विचारतो आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. स्वमग्नता आणि मंदबुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक स्वमग्न माणसं बुद्धीने तल्लख असतात. पण जो बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो, त्याची गणना समाज सरसकट त्या नाकारलेल्या मुलात करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. त्यांच्यातल्या अनेकांना आवाज, उजेड, वास आणि स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतात. आता जत्रा आठवून पाहा. कर्ण्यांवर एकाच वेळी तीन वेगवेगळी गाणी, जनरेटरची घरघर, हॅलोजनचा झगमगाट, पिपाण्या, आकाशपाळण्याशेजारचा भोंगा, आणि रांगेत मागून-पुढून दाबणारी अनोळखी अंगं. अशा जागी एखादं मूल कान घट्ट दाबून जमिनीवर बसतं, किंचाळतं, कधी स्वतःचा हात चावतं. लोक म्हणतात, लाडावून ठेवलंय. कोणी अंगात आलं म्हणतो, कोणी अंगारा लावायला पुढे येतो. पुढच्या वर्षी ते कुटुंब येत नाही. त्यांना कोणीही हाकललेलं नसतं, दारावर मनाईची पाटीही नसते, तरीही ते बाहेर राहतात. अशा बहिष्काराची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे त्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही.

म्हणून आधी हे ठरवायला हवं, की हा गोंगाट धर्माचा भाग आहे की आपल्या सवयीचा. घंटा, शंख, डमरू, हरहर महादेवचा गजर हे उपासनेचे नाद आहेत, आणि ते बंद करा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ध्वनिक्षेपकाची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. शांतता आपल्या लोकधर्माला मानवत नाही, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर द्यायला न्यायालयाचीही गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात, गोंदोड्याच्या अरण्यात साधना केलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत लाखोंचा समुदाय एका क्षणी जागच्या जागी स्तब्ध होतो आणि मौन श्रद्धांजली वाहतो. खंजिरीच्या नादावर वाढलेली हीच माणसं एकही शब्द न बोलता भक्ती करू शकतात, तर शांतता आपल्याला परकी आहे हे म्हणणं टिकत नाही.

चमत्कारिक वागणाऱ्या माणसाला सामावून घेण्याचीही परंपरा विदर्भात आहे, आणि तिची जुनी लेखी नोंदही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ, म्हणजे चक्रधरस्वामींचे गुरू. तेराव्या शतकातल्या त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी नोंदवल्या आहेत. त्यांत राऊळ कोणाच्याही घरात शिरतात, हाताला लागेल ते खातात, वस्तूंशी खेळतात, आपल्याच नादात हसतात आणि रागावतात. गाव त्यांना वेडे म्हणतं आणि तरीही त्यांच्यासाठी दार उघडं ठेवतं. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं निदान चिकटवणं चूक आहे, आणि महानुभावांच्या श्रद्धेशी ते न्याय्यही होणार नाही. मला दिसतं ते त्या गावाचं सामर्थ्य. यावर कोणी म्हणेल, की रिद्धपूरने त्यांना देव मानलं, म्हणून सहन केलं. आक्षेप खरा आहे आणि तोच मला सर्वांत जास्त सलतो. विक्षिप्त वागणं सोसायला आपल्याला समोर ईश्वर लागतो. समोर नुसतं मूल असेल तर आपण तोंड फिरवतो. स्वमग्न मुलाला जागा मिळावी म्हणून त्याला अवतार ठरवायची किंवा त्याच्यात अचाट बुद्धी शोधायची गरज पडू नये. सर्वांभूती एकच चैतन्य आहे असं जो धर्म म्हणतो, त्याला अशी अट घालता येत नाही.

बाजारालाही हेच लागू आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या हजारो दुकानांनी नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीच्या आवाहनावरून तासभर दिवे मंद केले आणि संगीत बंद ठेवलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे, आणि सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, सुगम्यतेची जबाबदारी त्याच्यावर आहे. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहता कामा नयेत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं. तरीही आपल्याकडे सुगम्यता म्हणजे उतरता रस्ता आणि कठडा, एवढाच अर्थ घेतला जातो. तो हवाच, पण गोंगाट हीही एक पायरीच आहे, आणि काहींना ती चढता येत नाही. गावच्या किराणा दुकानाची एक बाजू शहरातल्या मॉलपेक्षा भक्कम आहे: दुकानदार गिऱ्हाइकाला घरासकट ओळखतो. दुपारी गर्दी नसताना या, मी रेडिओ बंद ठेवतो, एवढं तो सहज म्हणू शकतो.

गडचिरोलीत दवाखाना गाठायलाही कोसभर चालावं लागतं, तिथे ही चैन कशाला, असं विचारणाऱ्यांचा रोष मला समजतो. पण कर्णा दोन तास बंद ठेवायला पैसे लागत नाहीत. उलट जिथे निदान करणारा डॉक्टर दूर आहे आणि हाती प्रमाणपत्र नाही, तिथे प्रमाणपत्र न मागणारी सोय अधिक मोलाची. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक स्वमग्न माणूस वेगळा असतो. एकाला ढोल असह्य, तर दुसरा ढोलापासून हलत नाही. हे खरंच आहे, आणि म्हणूनच सगळी जत्रा मुकी करावी असं मी म्हणत नाही. कुठे काय आहे आणि कधी शांत आहे हे आधी कळलं, तर ज्याला जे झेपेल ते तो निवडेल. मुलाला जगाची सवय व्हायला हवी, असं आजी-आजोबा कळकळीने सांगतात. सवय मात्र थोड्या थोड्याने होते, आणि नको वाटलं की बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच होते. रांगेत अडकून घाबरलेलं मूल त्या जागेची धास्तीच घेऊन घरी जातं. राहिला प्रश्न विशेष वागणुकीचा. मोठ्या देवस्थानांत ज्येष्ठांची, अपंगांची वेगळी रांग असते आणि मान्यवरांसाठी तर दार केव्हाही उघडतं. क्रम मोडायला आपली हरकत नसते. तो कोणासाठी मोडायचा, एवढंच ठरवायचं आहे.

मार्कंड्याचं देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणात आहे, तेव्हा दगडाला हात न लावता करता येईल तेवढंच मागतो. येत्या महाशिवरात्रीच्या जत्रेत, मुख्य दिवस सोडून एका सकाळी दोन तास ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत. त्या वेळी रांग छोट्या तुकड्यांनी सोडावी. नदीकडच्या बाजूला सावलीची एक निवांत जागा राखावी. दर्शनाचा क्रम दाखवणारा चित्रफलक प्रवेशाशी लावावा, आणि या वेळेची दवंडी आसपासच्या गावांत आठवडाभर आधी द्यावी. देवस्थान, ग्रामपंचायत आणि जिल्हा प्रशासन यांनी एका बैठकीत ठरवण्याजोगं हे काम आहे. जत्रेला जाणाऱ्या वाचकांनो, रांगेत कान दाबून बसलेलं मूल दिसलं, तर त्याच्या आईला उपदेश करू नका. दोन पावलं मागे सरा आणि तिला वाट द्या.